उल्हासच्या काठचे जुने काँक्रीट आणि त्याची गळती

मावळातील ठोकळवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरते, जनित्रे फिरवून झाल्यावर उल्हास नदीस मिळते, आणि त्यामुळेच ही नदी ऐन वैशाखातही वाहती राहते. हे पाणी बदलापूरच्या बॅरेजवर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून उचलले जाऊन बदलापूर व अंबरनाथ या दोन्ही शहरांच्या नळांस येते. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रानेच खाली येऊन जांभूळ येथे उचलले जाते व शुद्ध होऊन, स्वतःचा एकही उद्भव नसलेल्या उल्हासनगरापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाते. शिवाय अंबरनाथजवळ काकोळे येथे, ज्याला लोक अद्यापही जी. आय. पी. धरण म्हणतात, तो रेल्वेचा जुना जलाशय आहे, चिखलोलीचे लहान धरण आहे, आणि या साऱ्यांच्या मधून वाहणारी वालधुनी आहे. या व्यवस्थेतील बंधारे, सांडवे, जॅकवेल, जलकुंभ, पूल आणि नदीकाठच्या संरक्षक भिंती यांपैकी फार मोठा भाग स्वातंत्र्योत्तर काळात, काँक्रीटमध्ये, टप्प्याटप्प्याने उभा राहिला. बारवीचा पहिला टप्पा १९७२ चा. उल्हासनगराची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी बसली. म्हणजे ज्या काँक्रीटला आपण मनोमन नवे समजतो ते आता पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले, वयस्क काँक्रीट आहे. ते गळू लागले आहे किंवा लवकरच गळू लागेल, आणि ते दुरुस्त कसे करावे हा प्रश्न या खोऱ्यापुढे उभा आहे. आजवरच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा समग्र विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काँक्रीट हा अभेद्य पाषाण आहे ही समजूत प्रथम दूर सारली पाहिजे. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जो पदार्थ घट्ट होतो त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असतेच. तथापि चांगल्या काँक्रीटमधून त्या छिद्रांवाटे जाणारे पाणी इतके अल्प असते की, ते पृष्ठभागावर येण्यापूर्वीच वाऱ्याने वाळून जाते. खरी गळती होते ती ठरावीक ठिकाणांहून: आदल्या दिवशी ओतलेल्या थरावर दुसऱ्या दिवशी नवा थर टाकताना जुना पृष्ठभाग नीट खरवडला व धुतला न गेल्यामुळे राहिलेला सांधा, ठासणी अपुरी झाल्यामुळे खडी उघडी राहून पोकळ झालेला पट्टा, आकुंचनाने किंवा पाया खचल्याने गेलेला तडा, भिंतीतून नळ आरपार नेला असेल तर त्या नळाभोवतीची फट, आणि, बारवीसारख्या वेळोवेळी उंची वाढवलेल्या कोणत्याही धरणात अत्यंत जपण्याची जागा म्हणजे, जुन्या काँक्रीटशी नव्याचा जेथे मिलाफ होतो ती रेषा. पाणी जेथून बाहेर पडताना दिसते तेथूनच ते आत शिरलेले असते असे मुळीच नाही. सांध्यातून शिरलेले पाणी आतल्या आत आडवे चालत जाऊन भलत्याच ठिकाणी ठिपकते. यास्तव ओल दिसली तेथे गिलावा चोपडणे हा उपाय नसून पुराव्याचा नाश आहे, हे माझे मत मी आरंभीच नमूद करून ठेवतो.

परंतु माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची आणि आपल्याकडील अंदाजपत्रकांत जवळजवळ कधीच न आढळणारी गोष्ट निराळी आहे. गळती ही काँक्रीटची व्याधी जितकी, तितकीच ती त्यास भिडणाऱ्या पाण्याची करणी आहे, आणि पाणी सर्वत्र सारखे नसते. बदलापूरच्या वर उल्हासचे पाणी गोडे व मृदू आहे; अंबरनाथ-उल्हासनगराच्या अंगणातून जाणारी वालधुनी सांडपाण्याने व रसायनांनी भारलेली आहे; आणि कल्याणच्या खाली खाडी सुरू झाली की क्षारांचा अंमल चालू होतो. तीस-चाळीस किलोमीटरांच्या टापूत तीन प्रकारचे पाणी, आणि म्हणून तीन प्रकारचे रोग. परंतु निविदेतील कलम मात्र तिन्ही ठिकाणी एकच, 'गळती रोधक उपचार करणे, दर प्रति चौरस मीटर'. या एका ओळीने जितके सार्वजनिक द्रव्य वाया घातले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने घातले असेल.

गोड्या पाण्यापासून आरंभ करू. पावसाचे नुकतेच वाहून आलेले पाणी क्षारांच्या दृष्टीने दरिद्री असते, आणि म्हणूनच ते काँक्रीटमधील मुक्त चुना अधाशीपणे विरघळवून घेते. बंधाऱ्याच्या मागील अंगावर किंवा जलकुंभाच्या तळाशी जे पांढरे ओघळ आणि लोंबते सुळके दिसतात ते या चुन्याचेच. हवेतील कर्बवायूशी संयोग पावून तो पुन्हा चुनखडीच्या रूपाने थिजतो. या घटनेस दोन बाजू आहेत. तडा अगदी बारीक, साधारणतः एक-पंचमांश मिलिमीटरच्या आतला असेल आणि पाणी संथ असेल, तर हाच चुना त्या तड्यात साचून त्यास आपोआप बुजवतो. पुष्कळ नवीन टाक्या पहिल्या काही आठवड्यांत पाझरून पुढे कोरड्या होतात त्याचे कारण हेच. पण तडा रुंद असेल आणि पाण्यास वेग असेल तर चुना साचण्याऐवजी वाहून जातो, वाट रुंदावते, अधिक पाणी येते व अधिक चुना नेते, आणि वर्षानुवर्षांनी आतला भाग ठिसूळ होतो. १८९५ साली पुऱ्या झालेल्या, चुना-सुरखीत बांधलेल्या मुल्लपेरियार धरणात चुना वाहून जाण्याची ही क्रिया इतकी पुढे गेली की, अखेरीस धरणमाथ्यावर काँक्रीटचा भार चढवणे, पोलादी तारांनी ते खाली पायाशी जखडणे आणि मागून काँक्रीटची पाठराखण देणे असे तिन्ही उपाय योजावे लागले. ते धरण दगडी असले तरी धडा काँक्रीटलाही तंतोतंत लागू आहे. पाझर किती येतो, तो वर्षागणिक वाढतो की घटतो, निवळ आहे की गढूळ, आणि त्यात चुना किती आहे, या चार प्रश्नांची उत्तरे गॅलरीतील एका साध्या खाचेच्या पट्टीने, एका बाटलीने आणि एका नोंदवहीने मिळतात. महागडे यंत्र त्यासाठी लागत नाही. लागतो तो नियमितपणा.

वालधुनीची गोष्ट दुःखद आहे. शिलाहारांच्या काळी, शके ९८२ मध्ये म्हणजे इसवी सन १०६० साली, याच ओढ्यासारख्या नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. नऊशेहून अधिक पावसाळे त्याने या पाण्याच्या सान्निध्यात काढले, आणि पाणी वाईट नसल्यामुळेच ते काढू शकले. आज त्याच पात्रात कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून पात्रात ओतलेल्या रसायनामुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांस मध्यरात्री श्वास घेणे कठीण झाले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. ज्या पाण्याने माणसांची ही अवस्था केली ते पाणी पुलांच्या खांबांशी आणि काठाच्या भिंतींशी अहोरात्र काय करीत असेल याचा विचार मात्र कोणी केल्याचे दिसत नाही. आम्ल सिमेंटचा बंध सरळ खाऊन टाकते. सल्फेट क्षार आत शिरून तेथे फुगणारे स्फटिक निर्माण करतात व काँक्रीट आतून फोडतात. बंद नाल्यांत आणि मोऱ्यांत तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो: सांडपाण्यातून निघणारा गंधकयुक्त वायू पाण्याच्या पातळीच्या वर, छताच्या ओलाव्यात सूक्ष्म जीवांकरवी गंधकाम्ल बनतो, आणि पाण्यात बुडालेला तळ शाबूत राहून वरचे छतच झिजत जाते. अशा जागी साध्या सिमेंटचा लेप देणे म्हणजे रोगास नवे खाद्य पुरवणे होय. तेथे आम्लास न जुमानणारे अस्तर, सल्फेटरोधक किंवा भट्टीच्या मळीचे सिमेंट, आणि मुख्य म्हणजे झिजलेला सर्व भाग निर्दयपणे तोडून काढण्याची तयारी, एवढ्या गोष्टी हव्यात. त्याहीपूर्वी हवे ते पाण्याचे पृथक्करण, ज्याची प्रत अंदाजपत्रकास जोडलेली मी तरी विरळाच पाहिली आहे.

खाऱ्या पाण्याच्या संबंधात आपल्या प्रांताचा अनुभव मोठा आहे आणि तो फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या बॅकबेची भरणी १९२० च्या दशकात सुरू झाली तेव्हा समुद्रभिंतीच्या आड यंत्राने चिखल ओतत जावा आणि त्याची जमीन व्हावी अशी योजना होती. परंतु भिंतच सच्छिद्र निघाली, चिखल भिंतीतून समुद्रात परत जाऊ लागला, खर्च फुगत गेला, खुर्शेद नरिमन यांनी तो सर्व कारभार चव्हाट्यावर आणला, आणि १९२६ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ठरवलेल्या आठ भागांपैकी निम्मेच पुरे झाले, आणि त्या अर्धवट भरणीच्या कडेनेच आजचा मरीन ड्राइव्ह उभा आहे. भिंतीची गळती ही केवळ ओलाव्याची बाब नसते, एका अख्ख्या योजनेचा ती पाया काढून घेऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात नाही.

पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटला तर मिठाचे भय विशेष. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो; क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की तो पापुद्रा फाटतो, गंज चढतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे वरचे आच्छादन फुटून पडते. १९७३ साली खुला झालेल्या ठाणे खाडीवरील पुलास थोड्याच वर्षांत या व्याधीने ग्रासले आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधणे भाग पडले. पणजीस मांडवीवरील पूल तर ५ जुलै १९८६ रोजी कोसळलाच. गेटवे ऑफ इंडिया ही आपल्या किनाऱ्यावरील, दगडाबरोबर काँक्रीटचाही अवलंब केलेली सर्वांत ख्यातनाम ऐतिहासिक वास्तू. ४ डिसेंबर १९२४ रोजी ती लोकांस खुली झाली. शंभरी भरण्यापूर्वी, २०२३ साली, लोकसभेत केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार तपासणीत पृष्ठभागावर काही तडे, ठिकठिकाणी उगवलेली झाडेझुडपे, आणि घुमटावरील जलरोधक थर व काँक्रीट यांस पोहोचलेली इजा आढळली, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने तयार केलेल्या सुमारे ९ कोटी रुपयांच्या कामास मंजुरी मिळाली. अशा वास्तूच्या दुरुस्तीत एक जादा बंधन येते: केलेला उपाय उद्या काढता आला पाहिजे, आणि मूळ द्रव्यापेक्षा तो कठीण असता कामा नये, कारण मऊ दगडाच्या दरजा जर कडक सिमेंटने भरल्या तर ओलावा दगडातून बाहेर पडू लागतो आणि सिमेंट शाबूत राहून दगडच झडतो.

आता कोयनेकडे येऊ. कारण गळतीच्या दुरुस्तीविषयी महाराष्ट्रातील अभियंते जे काही मोलाचे शिकले ते बव्हंशी तेथे शिकले. १९६० च्या दशकात पूर्ण झालेले, १०३ मीटर उंचीचे हे रबल काँक्रीटचे धरण. बांधकाम चालू असतानाच उंचीविषयीचा बेत बदलला गेल्यामुळे त्याच्या आडव्या छेदात वरच्या भागात मागील उतार एकाएकी बदलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात नेमक्या त्याच पातळीच्या आसपास, सांडव्याबाहेरील काही उंच ठोकळ्यांत, पाण्याच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांस आडवे तडे गेले, आणि धरणाच्या आत पाझर वाढला. धरण उभे राहिले ही दैवाची आणि बांधणाऱ्यांची पुण्याई; पण ते पुढेही उभे राहावे यासाठी जे केले गेले त्यातील क्रम अभ्यसनीय आहे. प्रथम तड्यांत दाबाने एपॉक्सी राळ भरून दोन्ही पृष्ठभाग पुन्हा सांधले गेले. नंतर वरचा भाग ताणलेल्या पोलादी तारांनी खालच्या अंगाशी जखडण्यात आला. आणि मग, सावकाशीने व पूर्ण गणित करून, मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन मूळ छेदातील वैगुण्यच दूर करण्यात आले. राळ भरल्यावर तडा मिटला, पाझर आटला, तेव्हा काम संपले असे मानण्याचा मोह किती प्रबळ झाला असेल! तडा हे कार्य होते, कारण छेदाच्या आकारात होते, आणि दुरुस्ती कारणापर्यंत नेली गेली. कोयनेचे मोठेपण मला यात वाटते.

कोयनेच्याही आधीचा एक धडा परदेशातील आहे. २७ एप्रिल १८९५ रोजी फ्रान्समधील बूझे येथील धरण फुटले. धरणाच्या अंगात आणि पायाखाली शिरलेले पाणी त्यास खालून वर उचलत असते, आणि पाझर कोंडला गेला तर हा उत्थापक दाब वाढतो, ही गोष्ट तेथपासून अभियंत्यांच्या मनावर कायमची ठसली. आधुनिक धरणांत गॅलरी आणि उभी निचरा-छिद्रे ठेवतात ती एवढ्यासाठी. म्हणून धरणातील सर्व पाणी थांबवणे हे दुरुस्तीचे उद्दिष्ट असूच शकत नाही. पाण्याच्या अंगास त्याचा प्रवेश रोखावा आणि जे शिरलेच त्यास मागे मोकळी वाट द्यावी, हा शास्त्रशुद्ध मार्ग होय. चुन्याने चोंदलेली निचरा-छिद्रे साफ करण्याचे काम कोणत्याही छायाचित्रात शोभून दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि तरीही पुष्कळदा तेच सर्वांत निकडीचे असते. नदीकाठच्या संरक्षक भिंतीसही हाच न्याय लागू आहे: तिच्यातील पाणी गळणारी भोके कोणी 'गळती' समजून बुजवली, तर पहिल्याच मुसळधार पावसात मागचा भिजलेला भराव तिला पुढे ढकलून देईल. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत, जेव्हा बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांस बाहेर काढावे लागले, तेव्हा उल्हासचे पाणी किती झपाट्याने चढते हे आपण पाहिले आहे. तितक्याच झपाट्याने ते उतरतेही, आणि भिंतीस खरा धोका पाणी उतरताना असतो.

द्रव्यांविषयी थोडक्यात. सिमेंटचे ग्राउटिंग स्वस्त व टिकाऊ, पोकळ पट्ट्यांस व पायातील भेगांस उत्तम, पण बारीक तड्यात सिमेंटचा कण शिरत नाही. एपॉक्सी बळकट, तुटलेले जोडणारी. परंतु तिला बहुधा कोरडा व स्थिर तडा लागतो, आणि ऋतुमानाप्रमाणे उघडझाप करणाऱ्या सांध्यात ती भरली तर सांधा पक्का होतो आणि शेजारीच नवा तडा जातो. वाहत्या पाण्यात चालते ते पॉलियुरेथेन: पाण्याशी गाठ पडताच फुगून ते धार मिनिटांत थांबवते, आणि या नाट्यमय परिणामामुळेच ठेकेदारांचे ते लाडके झाले आहे. पण त्यातील पाणी पिऊन फुगणारी जात सतत ओली असेल तोवरच फुगलेली राहते. ज्या बंधाऱ्याच्या माथ्याकडील भाग उन्हाळ्यात उघडा पडतो आणि वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यानुसार पुन्हा भिजतो, तेथे ती सुकून आकसते आणि पुढच्या पावसात गळती जशीच्या तशी परतते. अशा ठिकाणी हा उपाय तात्पुरता बांध म्हणून वापरावा व त्याच्या आड कायमचे काम उरकावे. पाण्याच्या संपूर्ण अंगावर कृत्रिम पटल चढवण्याची पद्धत युरोपातील आल्प्सच्या धरणांवर रुळली, आणि आपल्या देशात २००५ साली तामिळनाडूतील कदंपराई धरणावर तिचा यशस्वी अवलंब झाला. खर्चाने जड, पण जेथे भिंतभर पाझर आहे तेथे शेकडो छिद्रे पाडून राळ भरीत बसण्यापेक्षा ती अखेरीस स्वस्त पडते. पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या जलकुंभांत व जॅकवेलमध्ये मात्र कोणतेही रसायन आरोग्यदृष्ट्या प्रमाणित असल्याखेरीज स्वीकारू नये, याविषयी तडजोड संभवत नाही.

उल्हासनगराचा उल्लेख इमारतींवाचून अपुरा राहील. मे २०२१ मध्ये तेथे पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांतील दुसऱ्या घटनेत सात जणांचा अंत झाला. या इमारती नदीकाठी नव्हत्या, पण रोग तोच: निकृष्ट काँक्रीट, मोरी-संडासातून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी, आणि गंजलेल्या सळया. खालच्या घरातील छताचे पापुद्रे निघाले की दरवेळी नवा गिलावा आणि नवा रंग. वरच्या घराची फुटलेली मोरी मात्र तशीच. महापालिका कायद्यान्वये ३० वर्षे झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि एवढ्या प्राणहानीनंतर तिचे महत्त्व लोकांस पटू लागले आहे. मग ज्या जलकुंभाखाली मुले खेळतात, ज्या बंधाऱ्यावर लक्षावधी माणसांचे पाणी अवलंबून आहे, त्याच्या तपासणीविषयी आपण इतके बेफिकीर का?

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी अनिवार्य केली, हे स्वागतार्ह आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळ फुटलेल्या तिवरे धरणाच्या गळतीविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रार केली होती, ही आठवण त्या कायद्यामागे असावयास हवी. तथापि हा कायदा १५ मीटरांहून उंच, किंवा काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या, धरणांपुरताच आहे. उल्हासवरील बुटके बंधारे, जॅकवेल, जलकुंभ, काठच्या भिंती या साऱ्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि त्यांची मालकी महामंडळ, प्राधिकरण, रेल्वे, लघुपाटबंधारे खाते व नगरपालिका यांच्यात वाटलेली आहे. प्रत्येकाचे दफ्तर वेगळे. मूळ नकाशे एका कचेरीत, दुरुस्तीची देयके दुसरीत, आणि पाझराची नोंद बहुधा कोठेच नाही. पुण्याजवळ खडकवासल्यास, १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, नाशिकला राज्याची संशोधन संस्था व धरण सुरक्षा संघटना आहे. पाण्यात रंगद्रव्य किंवा अन्य खुणेचे द्रव्य सोडून गळतीचा मार्ग शोधण्याचे आणि ध्वनिलहरींनी काँक्रीटचे अंतरंग पाहण्याचे ज्ञान घरातच उपलब्ध आहे. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या तिन्ही शहरांतील पाण्याकाठच्या सर्व काँक्रीट बांधकामांची एकच सूची व्हावी, तीत प्रत्येकाचे वय, भिडणाऱ्या पाण्याचे पृथक्करण, पाझराचे मासिक मोजमाप आणि मागील दुरुस्तीत वापरलेले द्रव्य यांची नोंद असावी, आणि ही सूची तहसील कचेरीत कोणासही पाहता यावी.

कामाच्या हंगामाचाही विचार त्यातच व्हावा. पाण्याच्या अंगाची दुरुस्ती फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतच करता येते, आणि पुरवठा बंद ठेवण्याची मुदत एकावेळी फार तर २४ तास मिळते. यास्तव पावसाळा संपताच, पाझर सर्वाधिक असतो तेव्हा, मोजमाप घ्यावे. नोव्हेंबरात निदान पुरे करावे. डिसेंबरात निविदा काढावी. आणि ठेकेदाराचे अखेरचे देयक पुढच्या ऑक्टोबरात, एक पावसाळा उलटून पाझर पुन्हा मोजला गेल्यावर चुकते करावे.